कहत, किल्लत आणि टंचाई

उर्दूत कमतरतेसाठी दोन शब्द आहेत. एक किल्लत, दुसरा कहत. रॉकेल मिळत नाही, नळाला पाणी नाही, दुकानातून साखर गायब झाली, ही किल्लत. माणसे मरू लागली, गावे उठू लागली, म्हणजे कहत. मराठीतही तसेच टंचाई आणि दुष्काळ. उर्दू शाळेत मराठीचे प्रतिशब्द सांगताना आमची नेहमी एक अडचण होते. मुले विचारतात, किल्लतची हद्द कुठे संपते आणि कहत कुठून सुरू होतो? ते ठरवतो कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोशात पाहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर कोशात नाही. ते शोधायला इतिहासाकडे जावे लागते, आणि त्यासाठी आमच्या वऱ्हाडाचा इतिहास पुरेसा आहे.

आमचे बोरी अरब दारव्हा तालुक्यात, यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या काठी. जमीन काळी, कापसाची. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरच्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. तरीही दर उन्हाळ्यात जिल्ह्याचा ‘टंचाई आराखडा’ निघतो. विहिरींचे अधिग्रहण, विंधन विहिरी, टँकर, असे त्याचे ठरलेले रकाने. नदीकाठी राहून आम्ही टंचाई या शब्दाशी इतके सरावलो आहोत की ती उन्हासारखी, वाऱ्यासारखी निसर्गातूनच येते असे वाटू लागले आहे.

या समजुतीला अर्थशास्त्राचे पाठबळ आहे. गरजा अमर्याद, साधने मर्यादित, हे वाक्य अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात भेटते. १९३२ साली लायोनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने या विद्येची व्याख्याच अशी केली की दुर्मीळ साधनांची निवड कशी करावी याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. व्याख्या नीटस आहे, आम्हीही ती पाठ करून गुण मिळवले. पण तिच्यात गरज कोणाची आणि साधन कोणाच्या ताब्यातले, हे विचारायला जागा ठेवलेली नाही. सावकाराला दुसरा वाडा हवा असणे आणि मजुराला रात्रीची भाकर हवी असणे, दोन्ही तिथे ‘गरज’च.

या विचाराचे मूळ आणखी मागे जाते. १७९८ मध्ये माल्थसने आपला लोकसंख्येवरचा निबंध छापला. माणसे धान्यापेक्षा भराभर वाढतात, आणि वाढीला आळा बसला नाही तर उपासमार व रोगराई तो हिशेब पुरा करतात, असा त्याचा आशय. हा माल्थस १८०५ पासून १८३४ मध्ये मरेपर्यंत इंग्लंडातील हेलीबरी येथे प्राध्यापक होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. हेलीबरीचे कॉलेज ईस्ट इंडिया कंपनीचे होते. हिंदुस्थानात कारभार करायला येणारी तरुण पोरे तिथे तयार होत. जिल्ह्यांचे कलेक्टर होण्याआधी त्यांनी टंचाईचे तत्त्वज्ञान खुद्द त्याच्या जनकाकडून ऐकले होते.

१८५३ मध्ये निजामाने फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी कापसाचा एक खास आयुक्त नेमला गेला. ज्वारीसाठी आयुक्त नेमल्याचे आमच्या वाचनात नाही! ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. ती कुऱ्हाड कोणाच्या पायावर पडली, हे मात्र म्हणीत येत नाही.

पूर्वी गावोगावी पेव असे. जमिनीत खोल खड्डा खोदून, आतून गवत-कडबा लावून त्यात ज्वारी भरत आणि तोंड बुजवून टाकत. एखादे वर्ष कोरडे गेले की पेव उघडायचे. (आज एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की आपण ‘पेव फुटले’ म्हणतो, बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी पेव पाहिले असेल कोण जाणे.) रेल्वे आली, रोख पैसा आला, सारा रोखीने भरायचा झाला. ज्वारीच्या रानात कापूस चढला आणि पेवे रिकामी पडू लागली. मँचेस्टरचे कापड आल्यावर विणकरांचे माग बसले. त्यांत कोष्टी होते तसे आमचे मोमीनही होते. शेतकऱ्याकडे निदान जमीन होती, विणकराकडे विकायला दोन हातच उरले. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. कापसाच्या या भरभराटीनेच सामान्य वऱ्हाडी माणसाला दुष्काळापुढे उघडे पाडले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आम्हाला ते पटते.

अधिकारी सगळे दुष्ट होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सर रिचर्ड टेम्पलचे उदाहरण पाहिले की प्रकरण इतके सरळ नाही हे कळते. हा माणूस विदर्भाला परका नाही. १८६२ पासून तो नागपूरला मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता. नागपूरचा अजब बंगला त्याच्याच काळातला. १८६७ मध्ये तो हैदराबादचा रेसिडेंट झाला, म्हणजे वऱ्हाडचा कारभारही त्याच्या देखरेखीखाली आला. १८७३-७४ मध्ये बिहारात पीक बुडाले तेव्हा याच टेम्पलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून वाटला. भुकेने मेलेल्यांची संख्या अगदी थोडी राहिली. याबद्दल त्याचा सत्कार व्हायला हवा होता. झाले उलटेच. सरकारी तिजोरी उधळली, लोकांना आळशी केले, अशी टीका त्याच्यावर झाली. तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रासेत दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने त्यालाच पाहणीला धाडले, आणि या वेळी तो धडा शिकून आला होता. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा किलो, आणि वर एक आणा पुरे, असे त्याने ठरवले. मुंबई इलाख्यातील कामांवरचे मजूर १८७७ मध्ये ही मजुरी नाकारून उठून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप शाळेच्या पुस्तकात असायला हवा. धान्य आणले तर माणसे वाचतात हे टेम्पलने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तरीही वरून येणाऱ्या बोलण्यापुढे तो अनुभव टिकला नाही.

त्यानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आणि १८८३ चा दुष्काळ संहितेचा मसुदा आला. संहिता वाईट होती असे नाही. तिच्यामुळे पुढे अनेक जीव वाचले, हे मान्य केले पाहिजे. पण आमच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर या कागदात आहे. टंचाई आणि दुष्काळ या दोन वेगळ्या पायऱ्या तिथे नियमाने ठरल्या. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यासाठी परीक्षा होती. आधी चाचणीची कामे काढायची, कष्टाची आणि तुटपुंज्या मजुरीची. लोक तरीही झुंडीने आले तर ते खरेच उपाशी आहेत असे समजायचे. भुकेला पुरावा द्यावा लागेल, आणि तो देहाने द्यावा लागेल, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या कारभारात शिरले ते अजून निघालेले नाही.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन तडाख्यांत वऱ्हाड सापडला. दुसऱ्याला लोक संवतावरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, दीड लाखाच्या जवळपास माणसे कमी. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, आमच्या लाडखेड-दारव्ह्याच्या अंगाने जाणारी, जिला लोक पुढे लाडाने शकुंतला म्हणू लागले. एका इंग्रजी कंपनीने ती बांधली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. माणसे कमी झालेल्या मुलखात कापसाला वाहन कमी पडत होते, तेवढी टंचाई मात्र तातडीने दूर झाली. शकुंतलेवर आमचेही प्रेम आहे, ती बंद पडली याचे वाईटही वाटते, पण तिच्या जन्माचा काळ विसरू नये.

इंग्रज येण्याआधी सारे आलबेल होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशाह याने सरकारी बैलांचे तांडे माळवा आणि गुजरातेत पाठवून धान्य आणवले. अनाथ मुलांसाठी गुलबर्गा, बीदर, दौलताबाद अशा ठिकाणी सरकारी खर्चाने शाळा काढल्या, जिथे शिक्षणाबरोबर जेवणही मिळे. त्या यादीत आपल्या वऱ्हाडचे एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आहे. शिक्षक म्हणून हे वाचताना आमची मान ताठ होते. पण त्याच नोंदीत पुढे असेही आहे की ते स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना विकले गेले. आमच्या सभांतून पहिला भाग सांगितला जातो आणि दुसरा गाळला जातो. तो गाळू नये असे आम्हाला वाटते. उपाशी माणसाची जात-धर्म पाहून वाटप करणारा आपला असला म्हणून ते वाटप न्यायाचे ठरत नाही.

मोजमाप हवेच असेल तर ते आपल्याच परंपरेत आहे. हिजरी सन १८ मध्ये अरबस्तानात पावसाने दगा दिला, माती राखेसारखी झाली, म्हणून त्या सालाला ‘आमुर-रमादा’, राखेचे वर्ष म्हणतात. रिवायत अशी की हजरत उमर यांनी इतर प्रांतांतून धान्य मागवले, त्या वर्षीची जकातीची वसुली पुढे ढकलली, चोरीची ठरलेली सजा थांबवली, आणि लोकांना तूप मिळेपर्यंत स्वतः तूप सोडले. सजा थांबवण्यामागचा विचार आम्हाला फार मोठा वाटतो. भुकेल्याने भाकर उचलली तर गुन्ह्याचा हिशेब आधी कोणाकडे मागायचा, हे त्यात आले. साठेबाजीला, एहतिकारला, हदीसमध्ये निषिद्ध मानले आहे तेही यामुळेच. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात लिहून ठेवले की राजवटींच्या उतरत्या काळात दुष्काळ वाढतात, कारण करांच्या ओझ्याने लोक शेती सोडतात आणि साठे राहत नाहीत. म्हणजे माल्थसच्या चारशे वर्षे आधी एका मुसलमान विचारवंताने टंचाईचे कारण माणसांच्या संख्येत न शोधता राज्यकारभारात शोधले होते. १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा अभ्यास करून साधारण त्याच दिशेचे म्हणणे मांडले. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत लोकांकडे नव्हती. त्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि सरकारने संहितेप्रमाणे ‘दुष्काळ’ जाहीर केलाच नाही. कागदावर ती शेवटपर्यंत किल्लतच राहिली.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ ही इंग्रजी संज्ञाच काढून टाकण्याचा तो कायदा होता. त्यामागचा युक्तिवाद असा की सरकारचे पिकांवर सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय होतात, मग दुष्काळाला वावच राहिलेला नाही. तिच्या जागी ‘टंचाई’ आली. नऊ वर्षांनी, १९७२ ला, तो नसलेला दुष्काळ पडला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुलीचे. तेव्हाची मिलो ज्वारीची लाल भाकर आणि सुकडी घरातली वडीलधारी माणसे अजून सांगतात. न्यायाने सांगायचे तर त्या वेळी सरकार झोपले नव्हते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात रुजली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क ठरला. चाचणीची खडी आणि हक्काची खडी यांत दगड तोच होता. पण मागणाऱ्याला कायद्याने उभे राहायला जागा मिळाली, हा फरक लहान नाही.

तरी पुरावा मागण्याची रीत गेली नाही. पैसेवारी घ्या. पिकाचे उत्पन्न रुपयात धरले तर किती पैसे आले, हे गावागणिक काढतात. ३१ डिसेंबरला आमच्याकडे खरिपाची अंतिम पैसेवारी निघते. पन्नासच्या खाली आली तर गाव टंचाईत, कर्जवसुली थांबते, मुलांची परीक्षा फी माफ होते. एक्कावन्न आली तर काही नाही. फी माफीचे अर्ज आम्हीच भरून घेतो, त्यामुळे एका पैशाची किंमत आम्हाला बँकेच्या मॅनेजरपेक्षा चांगली कळते. २०१६ नंतर केंद्राच्या नव्या नियमावलीने पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रे असे निकष आणले. शब्दांचा घोळ मात्र तसाच राहिला. २०१५-१६ मध्ये सरकार ‘दुष्काळसदृश’ म्हणत राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर मे २०१६ मध्ये ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ समजावे, असा खुलासा काढावा लागला. २०२३ मध्ये पुन्हा ४० तालुक्यांत दुष्काळ आणि हजारावर महसूल मंडळांत दुष्काळसदृश. सदृश म्हणजे ‘सारखा’. पोटाला मात्र भुकेसारखे वाटत नाही, भूकच लागते.

१९ मार्च १९८६ रोजी आमच्या जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून यवतमाळचे नाव देशभर कोणत्या कारणाने घेतले जाते ते सांगायला नको. मागे राहिलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, पण त्याआधी मृत्यूची छाननी होते, आणि फाइलवर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. मेलेल्या माणसालाही चाचणीच्या कामावर बोलावल्यासारखेच हे आहे.

आता आमच्या समाजाविषयी. टंचाईचे तत्त्वज्ञान आजच्या समाजात आरोपाचे रूप घेते. नोकऱ्या कमी, जागा कमी, पाणी कमी; मग कमी का, तर ‘हे’ फार वाढले म्हणून. माल्थसचे बोट फिरत फिरत आमच्या मोहल्ल्यावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे काढून पाहावेत. १९९२-९३ मध्ये देशातील मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.३६. कोणत्याही धर्मसमूहापेक्षा ही घट मोठी आहे. तरी भाषण बदलत नाही, कारण भाषणाला आकड्यांची गरज नसते. शिक्षणातील मागासलेपण सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवले, महाराष्ट्रात २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरती त्याला हरकत घेतली नाही, आणि अध्यादेश मुदत संपून गेला. जागा कमी आहेत म्हणून मराठा, धनगर, मुसलमान एकमेकांकडे संशयाने पाहतात; मुळात जागा इतक्या कमी का, हे विचारायला कोणी एकत्र येत नाही.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवून आम्ही थांबलो तर तो अर्धाच हिशेब होईल. टंचाई घरात शिरते तेव्हा ती कोणाच्या ताटात वाढली जाते? कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा पुसट होतात, रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, तो बहुधा बाईचा असतो, कारण वेचणी बायकाच करतात. शेवटी जेवते तीही तीच. आणि घरात दोन मुले शिकत असली, पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असला, तर शाळा कोणाची सुटते हे आमच्या हजेरीपटात लिहिलेले आहे. याला कलेक्टर जबाबदार नाही आणि माल्थसही नाही. इथे वाटप आम्ही करतो. हजरत उमरांनी तूप सोडल्याची हकिकत जुम्याच्या बयानात डोळे भरून ऐकणारा बाप घरी येऊन मुलीचे नाव कमी करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. इतिहासात हुशार, किल्लत आणि कहत यांची हद्द कोण ठरवतो, हा प्रश्न पहिल्यांदा तिनेच विचारला होता. दिवाळीनंतर ती यायची थांबली. आम्ही घरी गेलो. वडील चांगले माणूस, खाट टाकून बसवले, चहा दिला. म्हणाले, ‘‘सर, यंदा पीक नाही झालं. दोघांचं झेपत नाही.’’ तिचा धाकटा भाऊ यवतमाळला खासगी शाळेत होता. त्याची फी भरली गेली होती. आम्ही परीक्षा फी माफीचा अर्ज बरोबर नेला होता, पण त्या वर्षी गावाची पैसेवारी पन्नासच्या वर आली होती, आणि खरे म्हणजे प्रश्न फीचा नव्हताच. मुलगी दाराआड उभी होती.

तिचा शाळा सोडल्याचा दाखला आम्ही तयार करून ठेवला आहे. तो न्यायला अजून कोणी आलेले नाही, म्हणून आम्हीही पटावरून तिचे नाव कमी केलेले नाही.